पोरांना काम येतं, सांगता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या कालच्या रविवार पुरवणीत नोकरीच्या मुलाखतीची तयारी कशी करावी यावर पानभर मजकूर आला आहे. आमच्या पडवीत दर रविवारी सकाळी आयटीआयची पाच-सहा पोरं जमतात. त्यातल्या एकाने तो मोठ्याने वाचून दाखवला. इस्त्रीचा शर्ट, टाय, हात कसा मिळवावा, नजरेला नजर कशी द्यावी, 'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल' या प्रश्नाचं इंग्रजी उत्तर, असं बरंच काही होतं. लिहिणाऱ्याने कळकळीने लिहिलंय आणि ऑफिसातल्या नोकरीसाठी जाणाऱ्या पदवीधर मुलामुलींना त्याचा उपयोगही होईल. पण वाचून संपल्यावर पाटणच्या वरच्या अंगाच्या गावातला एक मुलगा म्हणाला, "सर, टाय केवढ्याला मिळतो? परवा चाकणला जायचंय." तो खरोखरच पैशांची जुळणी करायच्या विचारात होता. फिटरच्या जागेसाठी. त्याच्या वडिलांना त्या टायपायी कुणाकडून तरी हातउसने घ्यावे लागले असते. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलो.

मी फिटर ट्रेडचा, म्हणजे लोखंडाचे भाग मापात घासून एकमेकांत बसवायच्या कामाचा, निवृत्त शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा. १९८३ साली आयटीआय पूर्ण केलं, सहा-सात वर्षं कारखान्यात काढली, १९९० पासून शासकीय आयटीआयमध्ये शिकवलं आणि २०२१ साली अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर निवृत्त झालो. हाताखालून गेलेली पोरं आज शिरवळ, रांजणगाव, चाकण, तिकडे कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव अशी सगळीकडे आहेत. त्यातले काही आता सुपरवायझर झालेत, स्वतः मुलाखती घेतात आणि सुट्टीला गावी आले की घरी येतात. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचं माझ्या कानावर पडतं, आणि दोन्हीकडून मला एकच गोष्ट ऐकू येते. आमच्या पोरांना काम येत असतं, ते सांगता येत नाही. सुपरवायझर झालेला विद्यार्थी म्हणतो, "सर, पोरगा चांगला असावा असं वाटत होतं, पण बोललाच नाही, मग घेऊ कसा?" आणि तोच पोरगा पडवीत येऊन म्हणतो, "सर, मला सगळं येत होतं, पण इचारलंच नाही."

काही पालकांचा असा समज झालाय की आता मुलाखती बंद झाल्यात. तो अर्धा खरा आहे. १५ ऑगस्ट २०१५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून खालच्या पदांच्या मुलाखती बंद कराव्यात असं बोलून दाखवलं आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांसाठी मुलाखत राहिली नाही. रेल्वेत अप्रेंटिसची यादी दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर लागते. हे चांगलंच झालं, वशिल्याची एक वाट बंद झाली. पण आमच्या शंभरातली बहुतेक पोरं खासगी कारखान्यातच जातात, आणि तिथे अप्रेंटिस म्हणून घ्यायचं असो की ट्रेनी म्हणून, कुणीतरी समोर बसवून विचारतंच.

भरती मेळाव्यात हे कसं चालतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॉलमध्ये दहा-बारा टेबलं. प्रत्येक टेबलावर कंपनीची एक-दोन माणसं, मागे बॅनर. समोर पन्नास-साठ पोरांची रांग, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गुणपत्रकं. एका पोराच्या वाट्याला तीन ते चार मिनिटं येतात. पहिला प्रश्न ठरलेला, 'स्वतःबद्दल सांगा.' आणि उत्तरही ठरलेलं. माय नेम इज अमुक, आय ॲम फ्रॉम अमुक, माय फादर इज फार्मर, माय हॉबी इज रीडिंग. सायबर कॅफेवाल्याने सगळ्यांना एकच बायोडाटा छापून दिलेला असतो. नाव आणि गाव बदललेलं, बाकी 'चॅलेंजिंग पोझिशन' पासून छंदांपर्यंत अक्षर न् अक्षर तेच. समोरच्याने विचारलं, "वाचन छंद आहे, शेवटचं कुठलं पुस्तक वाचलं?" की पोरगा गप्प. त्याने वाचन लिहिलेलंच नसतं, ते कॅफेवाल्याने लिहिलेलं असतं. पण समोरच्याच्या मनात तेवढ्यात शंका येते की हा इथे खोटं बोलला, तर मोजमापाच्या रजिस्टरमध्येही लिहील. पोरांना मी पहिल्यांदा तो छंदाचा रकाना खोडायला लावतो.

आता पडवीत आम्ही काय करतो ते जरा सविस्तर लिहितो, कारण पत्र त्यासाठीच आहे.

चाकणला जाणाऱ्या त्याच मुलाला मी दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा समोर बसवलं, तेव्हा 'स्वतःबद्दल सांग' म्हटल्यावर त्याने ती चार इंग्रजी वाक्यं म्हणून टाकली आणि पाचव्याला अडला. कान लाल झाले. मी म्हटलं, "बाळा, ते राहू दे. दोन वर्षांत सगळ्यात जास्त त्रास कुठल्या जॉबने दिला?" (जॉब म्हणजे वर्कशॉपात घडवायला दिलेला नग.) तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याचे हात बोलायला लागले. १० मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पट्टीतून करायचं 'टी' फिटिंग होतं, एक मेल पीस, एक फीमेल पीस, म्हणजे एक दुसऱ्यात बसायचा, माप अधिक-उणे ०.०४ मिमीमध्ये. "सर, दोन्ही पीस मापात आले, पण बसंना. सरळ घातला की बसायचा, उलटा केला की अडकायचा. गुण्या लावला तर काटकोन बरोबर वाटायचा. मग एका पीसला निळा रंग लावला आन् दुसऱ्यावर कुठं उठतंय बघितलं. आतल्या एका अंगाला जरासं फुगीर होतं. तिथं बारीक कानस मारली, परत निळं लावलं, परत बघितलं. तीन दिवस गेले. शेवटच्या दिवशी घाई केली, एका कोपऱ्यात जास्ती घासलं गेलं, फटीतून उजेड दिसायला लागला." मग काय केलंस, असं विचारलं. "निदेशक सरांना जाऊन सांगितलं आन् नवी पट्टी मागितली. घासलेलं लोखंड परत येत नाही, सर."

मी वहीत ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. तीस वर्षं शिकवून मी कधी इतकं नेमकं सांगितलं नसेल. या पोराला निळं लावून फुगीर जागा शोधता येते, उलटवून बसवून बघायचं असतं हे कळतं, चूक झाल्यावर ती लपवायची नाही हेही कळतं. कुठलाही चांगला फोरमन त्याला तिथेच घेईल. आणि हा पोरगा मेळाव्यात जाऊन 'माय हॉबी इज रीडिंग' म्हणून परत येत होता.

मग ते सगळं त्याला घड्याळ लावून दोन मिनिटांत सांगायला लावलं. पहिल्या खेपेला सात मिनिटं लागली, मध्येच खोलीतल्या मित्राची गोष्टही आली. दुसऱ्या खेपेला चार. तिसऱ्या रविवारी दोन मिनिटांत बसलं. जॉब कुठला होता, माप काय होतं, कुठल्या हत्याराने केलं, कुठे अडलं, कसं शोधलं, शेवटी काय झालं. पाठ करायचं नाही, असं मी बजावून सांगतो. पाठ केलेलं मध्ये तुटलं की पुढचं आठवत नाही. स्वतः केलेल्या कामाचं तसं होत नाही, कुठूनही विचारलं तरी दोरा सापडतो. प्रत्येक पोराकडे असे तीन जॉब तयार हवेत, एक चांगला झालेला, एक बिघडलेला, आणि एक दुसऱ्याबरोबर मिळून केलेला. बिघडलेला तर हवाच हवा. ज्याचं कधीच काही बिघडलं नाही त्याने काम केलेलं नसतं, हे समोर बसलेल्या फोरमनला पक्कं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट व्हर्निअरची, म्हणजे जबड्यात वस्तू धरून बारीक माप घ्यायच्या हत्याराची. मुलाखतीत हमखास विचारतात, व्हर्निअर कॅलिपरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, किती? सगळी पोरं एका सुरात म्हणतात, ०.०२ मिमी. माझ्याकडे दोन व्हर्निअर आहेत. एकाच्या सरकत्या पट्टीवर ५० भाग आहेत, त्याचा लीस्ट काउंट ०.०२. दुसरा जुना, त्याच्यावर २० भाग, त्याचा ०.०५. मी दुसरा हातात देतो आणि तोच प्रश्न विचारतो. दहातली आठ पोरं त्याच्याकडे न बघता ०.०२ च सांगतात. वस्तू हातात असताना डोळ्यांनी बघायचं सोडून तोंडाने वहीतलं म्हणायचं, ही सवय आमच्याच शिकवण्यातून लागली आहे, ती जबाबदारी मी नाकारत नाही. पण मोडायला फार वेळ लागत नाही. एकदा फसला की पुढच्या वेळी पोरगा आधी भाग मोजतो.

माझ्या एका विद्यार्थ्याची निवड कशी झाली ते त्याच्या साहेबांनीच मला नंतर सांगितलं. टेबलावर व्हर्निअर आणि एक पिन ठेवली होती, माप सांग म्हणाले. याने व्हर्निअर उचलला, जबडे खिशातल्या स्वच्छ फडक्याने पुसले, बंद केले, उजेडाकडे धरून मध्ये फट दिसते का पाहिलं, दोन्ही शून्यं जुळतात का पाहिलं, आणि मग पिन घेतली. साहेब म्हणाले, माप त्याने काय सांगितलं ते आता आठवत नाही, पिन उचलायच्या आधीच आम्ही एकमेकांकडे बघितलं होतं.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्यामागे माझं स्वतःचं एक दुखणं आहे. १९८३ च्या जुलैमध्ये मी पहिल्या मुलाखतीला गेलो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. फोरमनने एक पोलादी पिन आणि मायक्रोमीटर हातात दिला. मायक्रोमीटर म्हणजे व्हर्निअरपेक्षाही बारीक माप घ्यायचं हत्यार. मी शिकलेला मेट्रिक, थिंबलवर, म्हणजे फिरत्या नळीवर, ५० भाग, एक भाग म्हणजे ०.०१ मिमी. हा निघाला इंची. थिंबलवर २५ भाग, एक भाग म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा. मला तो वाचता येत नव्हता, आणि येत नाही हे सांगायची हिंमतही नव्हती. घरी दोन लहान भावंडं होती, आईने पहाटे उठून भाकरी बांधून दिली होती. स्लीव्हवर, म्हणजे आतल्या स्थिर नळीवर, ५ चा आकडा दिसला, थिंबल शून्यावर होतं. मी ठणकावून सांगितलं, "पाच मिलिमीटर." पिन अर्ध्या इंचाची होती. म्हणजे १२.७ मिमी. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी जाड पिन मी चिमटीत धरून तिला पाच मिलिमीटर म्हणत होतो. फोरमन रागावले नाहीत. पिन माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "आधी हातात काय धरलंय ते बघ." आणि पुढच्याला बोलावलं. कराडला परत येताना एसटीत भाकरी सोडली नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्या कारखान्यात शेपिंग मशीनवर नेलं, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या हत्याराने लोखंड कापणाऱ्या मशीनवर. चालवता येतं का विचारलं. या वेळी मी सांगितलं, "मशीन पाहिलंय, पण चालवलं नाही." त्या फोरमनने मला कारागिराशेजारी अर्धा तास उभं केलं आणि मग विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, "हत्यार कापताना सावकाश जातं आणि मोकळं परत येताना भरकन येतं." त्याला क्विक रिटर्न म्हणतात हा शब्द मला त्या घटकेला आठवला नव्हता. त्यांनी विचारलं, असं का ठेवलं असेल? म्हटलं, परत येताना काम होत नाही, तो वेळ वाचवायला. तिथे मला अप्रेंटिस म्हणून घेतलं, आणि त्याच माणसाच्या हाताखाली मी इंची मायक्रोमीटरही शिकलो. म्हणून पोरांना मी 'येत नाही' हे चार अक्षरांचं पूर्ण उत्तर समजू नका असं सांगतो. येत नाही, एवढं पाहिलंय, एकदा दाखवा. हे तिन्ही बोलायचं. नुसतं 'येत नाही' म्हणून मान खाली घातली की तेही वाया जातं.

भाषेचं. इंग्रजी येत नाही याची धास्ती पोरांना खाऊन टाकते. माझं मत असं की आमच्या कामाची भाषा तशीही निम्मी इंग्रजीच आहे. टॅप, ड्रिल, टॉलरन्स, क्लिअरन्स, बर, कूलंट हे शब्द पोरं रोज बोलतात. मधली वाक्यं मराठीत असली, किंवा समोरचा बाहेरच्या राज्यातला असला तर मोडक्या हिंदीत असली, तरी अडत नाही. एम १० चा टॅप मारायला, म्हणजे भोकात १० मिमीचे आटे पाडायला, ड्रिल कुठलं, तर पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.५ म्हणून १० वजा १.५, साडेआठचं. हे कुठल्याही भाषेत साडेआठच आहे. पण ड्रॉइंग वाचता आलंच पाहिजे, त्याला सवलत नाही. व्यासाची खूण, त्रिज्येचा आर, फिनिशची खूण, आणि आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो म्हणजे वरून दिसणारं दृश्य खाली काढलेलं असतं, हे कळत नसेल तर कितीही गोड इंग्रजी बोललं तरी मशीनवर उभं करता येत नाही.

कपड्यांचं दोन ओळींत सांगतो. स्वच्छ धुतलेला साधा शर्ट, बंद बूट, कापलेली नखं. हातातलं कडं, बोटातली अंगठी, मनगटावरचे सैल दोरे घरी काढून ठेवा. लेथजवळ, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापणाऱ्या मशीनजवळ, असलं काही हातात असणं म्हणजे हात जायची वेळ, आणि कारखान्यातला माणूस टेबलापलीकडून पहिल्यांदा मनगटाकडेच बघतो. देवाचा दोरा काढायला पोरं बिचकतात. मी त्यांना सांगतो, आईला विचारा, ती काय म्हणते बघा.

प्रवास मात्र टायपेक्षा शंभरपट महत्त्वाचा आहे आणि त्यावर कुणीच लिहीत नाही. कराडहून चाकण दोनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी नऊला हजर राहायचं तर रात्रीच्या एसटीने निघून पहाटे स्वारगेटला उतरायचं, फलाटावर बसून उजाडायची वाट बघायची, तिथून दोन बस बदलायच्या. झोप नाही, पोटात चहा-बिस्कीट, आणि समोरचा म्हणतो, "मुलगा मरगळलेला वाटला." शक्य असेल त्याने आदल्या दिवशी जाऊन ओळखीच्या गाववाल्याच्या खोलीवर मुक्काम करावा. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी आता आपणहून सांगून ठेवलंय, "सर, पोरगं पाठवा, एक रात्र आमच्याकडं झोपंल." त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या पिशवीत. दहावीचं, आयटीआयचं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना हे महिनाभर आधी बघा, कारण आधारवर एक आणि गुणपत्रकावर दुसरं असलं की निवड होऊनही पोरं अडकून पडलेली मी पाहिली आहेत.

आता विचारायचं काय. 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हटल्यावर आमची पोरं 'नो सर' म्हणून उठतात. विचारणं म्हणजे उद्धटपणा असं त्यांना वाटतं. असं नाही. मला अप्रेंटिस म्हणून घेताय की कंपनीच्या पटावर की कंत्राटदाराकडे, हे विचारायचा त्यांना हक्क आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, तो प्रशिक्षणार्थी असतो, त्याला स्टायपेंड मिळतो आणि त्याचा पीएफ कापला जात नाही. नोकरी असेल तर मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के पीएफ त्याचा जातो आणि तेवढाच वाटा मालक घालतो. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का त्याचे आणि सव्वातीन टक्के मालकाचे. हे माहीत नसल्यामुळे तोंडी सांगितलेला आकडा आणि पहिल्या महिन्यात हातात पडलेला आकडा वेगळा निघाला की पोरं आपण फसलो असं समजून सोडून येतात. कधी खरंच फसलेली असतात, कधी नसतात. आधी विचारलं तर दोन्ही कळतं. शिफ्ट, कँटीन, बस, राहायची सोय, हेही विचारावं, आवाज खाली ठेवून, स्पष्ट विचारावं.

आणि मुलाखतीच्या आधी जो पैसे मागतो त्याच्याकडे जाऊच नये. मागच्या वर्षी एका मुलाने 'रजिस्ट्रेशन' म्हणून तीन हजार भरले. पावती नाही, पत्ता नाही, दिलेला नंबर बंद. त्याच्या आईने शेळी विकली होती. त्या माउलीसमोर बसून मला काय बोलावं ते सुचलं नाही.

एक गोष्ट मुलाखत घेणाऱ्यांसाठी, त्यातले बरेच जण आपलं दैनिक वाचत असतील. माझी एक विद्यार्थिनी, फिटरच, बॅचमध्ये पहिली. तिला एका कंपनीत तीन प्रश्न विचारले. घरी कोण कोण असतं, लग्नाचं काय ठरलंय, आणि लग्न झाल्यावर काम सोडणार नाही याची खात्री काय. कानस, ड्रॉइंग, माप, काहीच नाही. ती पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "सर, मी एवढं शिकून गेले होते, त्यातलं एक तरी विचारायचं होतं." रडली नाही, पण आवाज बसला होता. भरतीत स्त्री म्हणून डावलू नये हे आपल्या कायद्यात १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून लिहिलेलं आहे. साहेबांनो, पोरीला व्हर्निअर द्या हातात. मुलांनाही द्या. तीन मिनिटंच असतील तर प्रश्न एकच विचारा, पण कामाचा विचारा, आणि त्याला कळेल अशा भाषेत विचारा. आणि नाही घेतलं तर तसं कळवा तरी. 'कळवू' म्हणून महिना-महिना पोरं फोन उशाशी घेऊन झोपतात, त्या भरवशावर दुसरी जागा सोडतात. नकाराचा दोन ओळींचा मेसेज पाठवायला खर्च येत नाही.

यूपीएससीच्या मुलाखतीला २७५ गुण असतात आणि त्या मुलाखतीसाठी पुण्यात निवृत्त अधिकारी बसून पोरांच्या सराव मुलाखती घेतात. फार चांगलं काम आहे ते. पण फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमनच्या पोरांना समोर बसवून 'तुझा जॉब सांग' म्हणणारं कुणी नाही. आपल्या भागात कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन, चार्जहँड, टूलरूमवाले किती तरी आहेत. ओगलेवाडीला काचेच्या कारखान्याच्या आठवणी सांगणारी घरं आहेत, किर्लोस्करवाडीत उभी हयात घालवलेली माणसं आहेत. त्यांनी रविवारचे दोन तास दिले तर तालुक्याला एक पडवी उभी राहील. खर्च चहाचा. आपल्या दैनिकाला विनंती अशी की नोकरीविषयक पानावर आठवड्यातून एकदा एका ट्रेडबद्दल, त्याच ट्रेडमध्ये काम केलेल्या माणसाकडून, मराठीत लिहून घ्यावं. या ट्रेडला मुलाखतीत काय दाखवायला लावतात, काय विचारतात, पोरं कुठे अडतात. मी फिटरचं लिहून देईन. वेल्डर आणि इलेक्ट्रिशियनचं लिहून देणारे दोन जण शोधून देईन.

आणखी एक मागणं वाचकांकडे. निवृत्त कारागिरांच्या घरात कपाटाच्या तळाला तेल लावून फडक्यात गुंडाळलेली मोजमापाची हत्यारं पडून असतात. ती मुलांच्या हातात येऊ द्या. माझ्याकडे व्हर्निअर आहेत, मेट्रिक मायक्रोमीटर आहे, बोअर गेज आहे. इंची मायक्रोमीटर नाही. कुणाकडे असेल आणि द्यायची इच्छा असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. मी येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (फिटर), कराड

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं तेवढ्यात आज मंगळवारी संध्याकाळी चाकणहून त्या मुलाचा फोन आला. टाय घेतला नव्हता. निवडीचं आठ दिवसांनी कळवणार आहेत. म्हणाला, "सर, व्हर्निअर दिलता. आधी भाग मोजले. वीसच होते."